बरणीतले पांढरे धागे: घरी केलेल्या एका ओळखीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घरातल्या काचेच्या बरणीचं आहे. घरात माणसं चार: सातवीत शिकणारी मुलगी, तिची आई, आजी आणि निवृत्त शिक्षक असलेले आजोबा. मुलगी त्यांना आबा म्हणते. नावं आणि ठिकाण मुद्दाम गाळली आहेत. तळ्याच्या पाण्यातले जीव बघणाऱ्या हौशी मंडळींना मी अधूनमधून मदत करतो. माझ्याकडे हे प्रकरण आलं तेव्हा हाती फक्त एक धूसर फोटो होता. राखाडी पाण्यात एक पांढरी रेघ, आणि खाली आईचा प्रश्न: ‘हे जंत आहेत का?’

मुलीनं तळ्याच्या काठालगतचं पाणी आणलं होतं. पाणवनस्पतीची एक फांदी, तळाचा चमचाभर गाळ आणि दोन-तीन कुजकी पानंही तिनं त्याच बरणीत टाकली होती. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. पहिल्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी आणि एका साध्या भिंगातून तिनं बरंच काही टिपलं होतं, आणि तिची वही मला पुढे फार उपयोगी पडली. ‘उड्या मारत वर जाणारे गोल ठिपके’ असं तिनं लिहिलं होतं. त्या पाणपिसवा, म्हणजे डाफ्निया. ‘झटके देत सरळ पळणारे, शेपटीजवळ दोन पिशव्या’ हे सायक्लॉप्स, आणि त्या पिशव्या मादीच्या अंड्यांच्या. शिवाय पृष्ठभागाला तिरप्या लटकणाऱ्या आणि सावली पडली की वळवळत खाली जाणाऱ्या काही अळ्या. त्या ओळखायला आजींना वही लागली नाही. डासांच्या अळ्या आहेत हे त्यांनी लांबूनच सांगितलं आणि बरणीला घट्ट झाकण लावायला लावलं.

आजींचं चुकलं नव्हतं. उबदार हवेत डासाचं अंडं ते डास हा प्रवास साधारण आठवडा-दीड आठवड्यात पुरा होतो, आणि उघडी बरणी ठेवली की बाहेरचे डासही तिथं अंडी घालून जातात. पण घट्ट झाकण, काठोकाठ पाणी, आत कुजणारी पानं आणि वर खिडकीतलं थेट ऊन, हे सगळं एकत्र आलं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खात राहिले आणि वरून नवा यायला वाट उरली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणपिसवा तळाशी पडलेल्या दिसल्या. पाणी किंचित गढूळ झालं, झाकण उघडल्यावर वास आला. आणि पानांच्या आसपास, तळापासून दोन बोटं उंचीच्या थरात, पांढरे बारीक धागे हलताना दिसू लागले. आधी मोजके, मग दर दिवशी जास्त.

अडचण

धागे जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचे. उजेड बाजूनं पडला तरच दिसणारे. आईला काळजी वाटली ती साहजिक होती. मुलीनं बरणीत बोटं घातली होती, पाणपिसवा मेल्या होत्या आणि आता हे. ‘आधी नव्हते, मग आले कुठून?’ हा तिचा प्रश्न रास्त होता. आबांचं मत पक्कं होतं: सूत्रकृमी, म्हणजे गोल, खंड नसलेल्या अळ्या. गाळात त्या असतातच, असं ते म्हणाले, आणि तेही खरं आहे.

आईनं मोबाईलवरच्या एका ओळख-अ‍ॅपला फोटो दाखवले. एका फोटोवर ‘सूत्रकृमी’ असं उत्तर आलं, दुसऱ्यावर माशाचं पिल्लू आणि तिसऱ्यावर एक पाणवनस्पती. धागा तोच, फक्त फोटो वेगळे. अशा अ‍ॅपना पक्षी, फुलं, फुलपाखरं यांचे ढिगानं फोटो दाखवून शिकवलेलं असतं. काचेच्या आड, पाण्यात, दीड मिलिमीटरच्या अर्धपारदर्शक रेघेबाबत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. इथं तर पहिलं उत्तर आबांच्या मताशी जुळलं आणि घरात तेच खरं धरलं गेलं. दोन कमकुवत अंदाज एकमेकांना टेकून उभे राहिले की पुरावा मिळाल्याचा भास होतो.

मी फोनवर पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन प्रश्न वेगळे काढले. हे धोकादायक आहे का, हा एक. हे काय आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यासाठी थांबवायची गरज नव्हती. माणसाच्या आतड्यातले नेहमीचे मोठे जंत आतड्यात वाढतात. बरणीतल्या पाण्यात त्यांची अशी फौज तयार होत नाही. पण म्हणून तळ्याचं पाणी निर्धोक ठरत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू असू शकतात, मग धागे असोत वा नसोत. त्यामुळे नियम तेच राहतात: पाणी तोंडात-नाकात जाऊ द्यायचं नाही, हातावर जखम असेल तर पाण्यात हात घालायचा नाही, ड्रॉपर आणि भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी, आणि काम झालं की साबणानं हात धुवायचे. हे ऐकल्यावर आईचा आवाज बदलला. आता ओळखीसाठी दोन-चार दिवस घ्यायला ती तयार झाली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घरात आधीच चर्चेत होता: सगळं ओतून द्या. सोपा आणि काहीच न कळू देणारा. मुलगी रडली असती, पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी तोटा असा की पुढच्या बरणीत हेच पुन्हा घडलं असतं आणि तेव्हाही कारण कळलं नसतं.

दुसरा, नमुना एखाद्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोचवणं. हा मला आवडतो, पण असे नाजूक जीव प्रवासात टिकत नाहीत, आणि परिरक्षक द्रवात घातले तर यातले बरेच आकसून ओळखण्यापलीकडे जातात. तिसरा, घाईनं सूक्ष्मदर्शक विकत घेणं. आईची तयारी होती. मी थांबवलं. खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकांवर लिहिलेले मोठमोठे आकडे इथं उपयोगाचे नसतात. दीड मिलिमीटरचा जीव बघायला चाळीस पट पुरतं, त्याहून महत्त्वाचं असतं ते क्षेत्र, म्हणजे एका वेळी किती जागा दिसते ते. याच कारणानं फोल्डस्कोपही बाजूला ठेवला. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला आणि 2014 मध्ये जगासमोर आलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक मला मनापासून आवडतो. त्याची सुमारे 140 पट मोठी प्रतिमा परागकण, शेवाळ आणि लहान एकपेशीयांसाठी छान आहे. पण एवढा लांब आणि पळता जीव अख्खा त्यात मावणं कठीण, आणि नमुना दाबला जाण्याची भीती वेगळी.

चौथा पर्याय असा की आधी काहीही विकत न घेता, धाग्यांना हात न लावता, नुसती वागणूक बघायची. मग आबांच्या ओळखीच्या शाळेतून साधा सूक्ष्मदर्शक काही दिवसांसाठी मागून आणायचा. हा आम्ही निवडला.

निवडीमागे एक जुनं उदाहरणही डोक्यात होतं. आब्राहम ट्रेंबले 1740 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगजवळ बेंटिंक घराण्यातल्या दोन मुलांना शिकवायचा. खिडकीतल्या काचेच्या भांड्यात त्याला हिरवे, हात फुटलेले इवलेसे जीव दिसले. त्याला आधी ते वनस्पती वाटले. मग हात हलताना दिसले. भांड्याला धक्का बसला तसे ते झटकन आखडले. तिथून त्याची शंका सुरू झाली, मग कापून बघण्याचे प्रयोग, आणि 1744 मध्ये ग्रंथ. तो जीव म्हणजे हायड्रा. भिंग त्याच्याकडे होतंच, पण पहिला धागा सापडला तो धक्क्यानं.

काय केलं

बरणीचं झाकण काढून तोंडाला बारीक जाळीचं कापड रबरानं बांधलं. हवा आत, डास बाहेर. अळ्या ड्रॉपरनं वेचून काढल्या. बरणी उन्हातून हलवून उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवली. एक तृतीयांश पाणी काढून रुंद तोंडाच्या दुसऱ्या भांड्यात घातलं, म्हणजे पृष्ठभाग वाढला. हे ओळखीआधी केलं, कारण ओळखेपर्यंत सगळं मरून जाऊ नये.

मग बघणं. बरणीमागे काळा कागद, बाजूनं टॉर्च, खोलीत अंधार. अशा उजेडात पारदर्शक जीव काळ्यावर पांढरे चमकतात. मुलीला मी एकच काम दिलं: बोटाच्या टोकानं काचेवर हलकी टिचकी मार आणि काय होतं ते लिही.

तिनं लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘टिचकी मारली की सगळे एकदम तोकडे होतात, मग हळूहळू लांब होतात.’

या एका वाक्यानं आबांचा अंदाज जवळपास संपला. सूत्रकृमीच्या शरीरात फक्त लांबीच्या दिशेनं जाणारे स्नायू असतात, गोलाकार स्नायू नसतात. त्यामुळे तो एका बाजूला वाकतो, मग दुसऱ्या बाजूला, सतत तडफडल्यासारखा, पण त्याची लांबी फारशी बदलत नाही. इथं लांबी बदलत होती आणि वळवळ अजिबात नव्हती. धागे सरळ पुढे सरकत होते, कधी तसेच मागे येत होते, आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे ‘स्वतःभोवती फिरत’ होते.

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग गांडुळाच्या जातीतली अळी असेल. गांडूळही आखडतं.” बरोबर बोलले. तळ्यात नाइडिड नावाच्या बारीक वलयांकित अळ्या सर्रास असतात, त्यांना गोलाकार स्नायूही असतात, आणि त्या आखडतात-पसरतात. आता उमेदवार तीन राहिले. एक नाइडिड. दुसरा बारीक चपटकृमी, जो अंगावरच्या सूक्ष्म केसांवर अलगद घसरत जातो. तिसरा असा की ज्याचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर पुढचं सगळं निरीक्षण त्या नावाला जुळवण्यात गेलं असतं.

शाळेचा सूक्ष्मदर्शक आला. चार, दहा आणि चाळीस पटीची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडची भिंगं, आणि दहा पटीचं आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग. आयपीसवर कडेला 10/18 असं कोरलं होतं. त्यातला 18 म्हणजे क्षेत्राचा आकडा. तो ऑब्जेक्टिव्हनं भागला की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो: 18 भागिले 4, साडेचार मिलिमीटर. आबांनी यावर विश्वास न ठेवता भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून मोजलं. साडेचार भरलं. ताणलेला धागा वर्तुळाचा साधारण तिसरा हिस्सा व्यापत होता, म्हणजे दीड मिलिमीटर. माप हातात आलं की अर्धे उमेदवार आपोआप गळतात, आणि घरच्या निरीक्षणांत नेमकं हेच राहून जातं.

पहिला थेंब वाया गेला. काचपट्टीवर थेंब घेऊन त्यावर नेहमीसारखी कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काचेची झाकणी, टाकली आणि धागा चिरडला. पण चिरडला तेव्हा काय झालं ते मुलीनं पाहिलं होतं: एका टोकाशी तो फुटला, आतलं दाणेदार सगळं पाण्यात वाहून गेलं आणि मागं काहीच उरलं नाही. सालही नाही. अळी चिरडली तर कातडी राहते, केस राहतात, आतडं राहतं. हे तिनं वहीत लिहिलं, आईनं मला फोनवर वाचून दाखवलं. ज्याला ते वाया गेलेला थेंब समजत होते तो माझ्या दृष्टीनं त्या दिवशीचा सगळ्यात चांगला पुरावा होता.

दुसऱ्या वेळी कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचे ठिपके लावून तिला पायांवर उभं केलं. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले, म्हणजे जीव त्यात अडकून सावकाश होतो. मोबाईल आयपीसला टेकवून व्हिडिओ घेतला. शंभर पटीला दिसलं ते असं: अंगभर लांबीच्या दिशेनं, किंचित पीळ घेतलेल्या बारीक रेघा. कडेला उजेड थरथरत होता, म्हणजे तिथं केसांची हालचाल. आत हिरवट-तपकिरी गोळे, खाल्लेल्याचे. एका टोकाला मोठा रिकामा फुगा, जो हळूहळू भरायचा आणि मग एकाएकी रिता व्हायचा. वलयं नाहीत, राठ केस नाहीत, तोंडापासून शेवटापर्यंत जाणारं आतडं नाही.

तरी आखडण्याबद्दल आबांचं समाधान होईना. मग आम्ही व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत बघितला. साधा मोबाईल सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये सुमारे 33 मिलिसेकंद. एका फ्रेममध्ये धागा पूर्ण लांब होता. पुढच्याच फ्रेममध्ये निम्म्याहून तोकडा. मधली अवस्था कुठेच नाही. स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमला, पुन्हा घेतला. तिथं प्रत्येक फ्रेम चार मिलिसेकंदांची, आणि आखडणं एक-दोन फ्रेममध्येच उरकत होतं. लांब व्हायला मात्र त्याला कितीतरी फ्रेम लागत होत्या. गाळातून सापडलेल्या एका खऱ्या नाइडिड अळीचा तसाच व्हिडिओ शेजारी ठेवला. तिचं आखडणं फ्रेममागून फ्रेम, टप्प्याटप्प्यानं दिसत होतं. तिच्या कडेचे केस आणि मातीनं भरलेलं आतडंही स्पष्ट होतं.

आता मी नाव सांगितलं: स्पायरोस्टोमम. अळी नाही, जंत नाही. एकपेशीय जीव. अंगभरच्या पक्ष्माभिकांवर, म्हणजे सूक्ष्म केसांवर, पोहणारा, टोकाच्या संकोची रिक्तिकेतून, म्हणजे त्या फुग्यातून, जादाचं पाणी बाहेर टाकणारा, आणि जीवसृष्टीतल्या अतिवेगवान आखडण्यांपैकी एकासाठी प्रसिद्ध. मनू प्रकाश यांच्याच गटानं 2019 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की स्पायरोस्टोमम सुमारे 5 मिलिसेकंदांत निम्म्याहून तोकडा होतो. एकानं आखडताना पाण्यात जो प्रवाह उठतो त्यानं दाट वस्तीतले शेजारीही आखडतात, आणि ती लाट पुढे पुढे जाते.

आबांचा आक्षेप

या प्रकरणातला सगळ्यात कठीण प्रसंग इथं आला, आणि तो उपकरणांचा नव्हता.

“एक पेशी, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसते? मी आयुष्यभर मुलांना सांगितलं की पेशी डोळ्यांनी दिसत नाही.” आबा चिडले नव्हते, पण मानायलाही तयार नव्हते. मुलगी म्हणाली, “आबा, तुम्हीच पट्टीनं मोजलं ना.” ते गप्प बसले.

यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. पाठ्यपुस्तकातली पेशी बहुधा कांद्याच्या पापुद्र्याची किंवा गालाच्या आतल्या अस्तराची असते. एकपेशीयांचं उदाहरण म्हणजे पॅरामीशियम, आणि ते मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे सहसा जात नाही. स्पायरोस्टोमम त्याच्या कित्येक पट लांब असतो. तळ्यात असे मोठे एकपेशीय आणखीही आहेत. कर्ण्याच्या आकाराचा स्टेंटॉर ताणला की एक-दोन मिलिमीटर भरतो. डोळ्यांना दिसतं म्हणून ते बहुपेशीय, हा नियम नाहीच. उलटही खरं: कितीतरी रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म बहुपेशीय प्राणी, पॅरामीशियमएवढेच किंवा त्याहून लहान असतात, आणि त्यांच्या त्या एवढ्याशा देहात जबडा, पोट, अंडाशय सगळं असतं. आकारावरून पेशींची संख्या ठरत नाही, हे सांगून पटत नाही. दोन्ही एका वेळी भिंगाखाली दिसले की पटतं. आम्ही बरणीतला एक रोटिफर शोधला, जळवेसारखा वाकत चालणारा, आणि त्याच्या आत चावणारा जबडा दाखवला. आबा बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. पण सातवीच्या परीक्षेत असं लिहू नकोस.”

मग ते आले कुठून?

आईचा मूळ प्रश्न अजून शिल्लक होता. स्पायरोस्टोमम गाळात पहिल्यापासून होता, मोजका. ऑक्सिजन कमी असलेल्या, कुजत्या पानांच्या थरात तो मजेत राहतो, आणि जिवाणूंवर पोसला जातो. झाकण, ऊन आणि पानं यांनी नेमकी तीच जागा तयार केली. पाणपिसवांना जे मारक ठरलं तेच त्याच्या पथ्यावर पडलं. म्हणजे पांढऱ्या धाग्यांनी पाणी बिघडवलं नव्हतं. पाणी बिघडल्यामुळे धागे वाढले होते. कारण आणि परिणाम घरात उलटे लावले गेले होते, आणि ओतून देण्याचा निर्णय त्या उलट्या क्रमावरच उभा होता.

हेच मला या प्रकरणातलं मुख्य वाटतं. बरणीत जे दिसतं ती तळ्यातल्या वस्तीची यादी नसते. बरणी पहिल्या तासापासून स्वतःच्या वाटेनं जाते. आठवड्यानंतर जे विपुल दिसतं ते तळ्यात दुर्मीळ असू शकतं.

बाकीच्या दोन ओळखी थोडक्यात. सायक्लॉप्सच्या पाठीवर ‘बुरशी’ आली आहे असं मुलीनं लिहिलं होतं. ती व्हॉर्टिसेला निघाली, देठावर उभी घंटा, धक्का लागला की देठ गुंडाळणारी. आणि सहा पायांचा गोलसर ‘कोळ्यासारखा किडा’ हे सायक्लॉप्सचंच नुकतं बाहेर आलेलं पिल्लू होतं, नॉप्लियस. मोठ्याशी त्याचं काही साम्य नसतं, पिढ्यान्‌पिढ्या लोक इथं फसत आले आहेत. त्यात आम्ही फार वेळ घातला नाही.

निष्पत्ती

बरणी राहिली. जाळी लावल्यावर आणि पानं काढल्यावर वास गेला, पाणी निवळलं, धागे कमी झाले. पाणपिसवा परत आल्या नाहीत. ताज्या पाण्याच्या दुसऱ्या, अर्ध्याच भरलेल्या बरणीत मात्र त्या टिकल्या, आणि मुलीला त्यांच्या पाठीतलं धडधडतं हृदय भिंगातून दाखवता आलं.

वहीत नोंद झाली: ‘स्पायरोस्टोमम. नेमकी जात ठरवलेली नाही.’ आईला ही नोंद अपुरी वाटली. दीड मिलिमीटर लांबीमुळे स्पायरोस्टोमम अ‍ॅम्बिग्युअम असण्याची शक्यता मोठी आहे, असं मी सांगितलं. त्याचं केंद्रक मण्यांच्या माळेसारखं असतं आणि ते दिसलं असतं तर अंदाजाला बळ आलं असतं. पण केंद्रक नीट दिसायला रंगद्रव्य लावायला हवं, ते घरी ठेवावंसं कुणाला वाटलं नाही, आणि लांबीवरून जात लिहून टाकणं मला मान्य नव्हतं. नाव किती खोलवर न्यायचं हे पुरावा ठरवतो. काही जीवांबाबत ‘रोटिफर, पुढचं माहीत नाही’ इथंच थांबणं हीच नेमकी ओळख असते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, तीन थर एकाच बरणीत नको होते. वरचं पाणी, वनस्पतीला चिकटलेलं आणि तळाचा गाळ यांत राहणारे जीव वेगळे असतात. तीन लहान बाटल्या, प्रत्येकीवर जागा आणि तारीख, आणि गाळाच्या बाटलीत पानं अगदी थोडी. असं केलं असतं तर धागे कुठून आले हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. बाटल्या अर्ध्या भरायच्या, बाकी हवेसाठी.

दुसरं, आणल्या दिवशीच प्रत्येक बाटलीतले दोन-तीन थेंब बघून टिपून ठेवायला हवे होते, मोजके धागे तेव्हाच दिसले असते. मुलीची पहिल्या दिवसाची नोंद चांगली होती, पण ती फक्त वरच्या थराची. मोठे, उड्या मारणारे जीव नजर खेचून घेतात.

तिसरं माझ्याकडचं. मी आईला फोटो थांबवून व्हिडिओ पाठवायला पहिल्या फोनमध्येच सांगू शकलो असतो, ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. स्थिर फोटोत सूत्रकृमी, नाइडिड आणि स्पायरोस्टोमम यांच्यात फरक करणं मलाही जमलं नसतं. दहा सेकंदांच्या व्हिडिओत टिचकीसकट तो एका बैठकीत सुटला असता. नाव मात्र उशिरा सांगितलं हे मी पुन्हा तसंच करेन. आबांच्या ‘सूत्रकृमी’नं सगळ्यांची नजर जशी बांधली, तशी माझ्या नावानंही बांधली असती.

कव्हरस्लिपचा प्रश्न वादाचा आहे. चिरडणं टाळायला हवं, असं आई म्हणते. मी म्हणतो की नमुना भरपूर असेल तर एखादा थेंब मुद्दाम दाबून बघावा, कारण फुटल्यावर काय मागं राहतं हीसुद्धा माहिती असते. नमुना मोजका असेल तर नाही. मुलीला हे आवडलं नाही, आणि तिनं वहीत त्याबद्दल आपलं वेगळं मत लिहून ठेवलं आहे.

शेवटचं पाणी कुठं टाकायचं हे आम्ही आधीच ठरवायला हवं होतं. ते मोरीत जाणार होतं, मग कुणीतरी जवळच्या दुसऱ्या तळ्याचं सुचवलं. दुसऱ्या तळ्यात कधीच नाही. अंडी, गोगलगायी, वनस्पतीचे तुकडे, सगळं त्याबरोबर जातं आणि जिथं नव्हतं तिथं रुजू शकतं. जिथून आणलं तिथंच परत, नाहीतर पाणवठ्यापासून लांब कोरड्या मातीवर. त्यांनी ते मातीवर ओतलं, बरणी गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवली आणि तीच पुढच्या नमुन्यासाठी ठेवली. या वेळी झाकण सोबत ठेवलेलं नाही.